लिहिलेला क्रम आणि बसवलेला क्रम

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फळ्यावर एक छोटा क्लास लिहिला आहे. नाव 'नोंद'. आत पाच फील्ड आहेत, या क्रमाने: आधी 'चालू', बूलियन. मग 'वेळ', लाँग. मग 'प्रकार', बाइट. मग 'संख्या', इंट. शेवटी 'नाव', म्हणजे स्ट्रिंगचा रेफरन्स, ती स्ट्रिंग मेमरीत कुठे आहे त्याचा पत्ता. जावा शिकायला लागून आठवडा झालेला माणूसही असा क्लास लिहील. आता सांगा, याचा एक ऑब्जेक्ट तयार केला तर मेमरीत किती जागा जाईल?

बोटांवर मोजू. बूलियनचा १ बाइट, लाँगचे ८, बाइटचा १, इंटचे ४. रेफरन्स ६४-बिट मशीनवर खरं तर ८ बाइटचा हवा, पण नेहमीच्या सेटिंगमध्ये तो ४ बाइटमध्ये बसवतात. का आणि कसा, ते पुढे येईलच. एकूण झाले १८. खरं उत्तर मात्र ३२ आहे. आणि फील्ड जशी लिहिली त्याच क्रमाने ठेवली असती, तर ते ४० झालं असतं. १८ चे ३२ का होतात आणि ४० का होत नाहीत, एवढंच आज सांगायचं आहे. त्यातच बरंच काही येतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी बोलणार आहे ते हॉटस्पॉटबद्दल, म्हणजे ओपनजेडीके या जावाच्या मुक्त संचातल्या, जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनबद्दल (जेव्हीएम). जेव्हीएमच्या स्पेसिफिकेशनमध्ये या विषयावर जवळजवळ काहीच नाही. ऑब्जेक्टची आतली रचना अमुकच असली पाहिजे असं बंधन आम्ही घालत नाही, असं त्यात सरळ म्हटलंय आणि विषय तिथेच सोडलाय. सी भाषेत असं नाही. तिथे स्ट्रक्टमधले मेंबर ज्या क्रमाने लिहिले त्याच क्रमाने मेमरीत बसले पाहिजेत, हे स्टँडर्डचंच सांगणं आहे. कंपायलर मधे फटी सोडू शकतो, पण क्रमाला हात लावू शकत नाही. जावाने तो हात मोकळा सोडला. या मोकळिकीचं काय काय झालं, ते आता बघू.

सुरुवात हेडरपासून. प्रत्येक ऑब्जेक्टच्या डोक्यावर हेडर असतो, तुम्ही मागा अथवा नका मागू. त्याचे दोन भाग. पहिला ८ बाइटचा मार्क वर्ड. दुसरा क्लासचा पॉइंटर, म्हणजे 'हा ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा' याचा पत्ता. तो दाबून ४ बाइटचा केलेला असतो. मिळून १२. ॲरे असेल तर लांबीसाठी आणखी ४, म्हणजे १६.

मार्क वर्डमध्ये एकेका बिटाचा हिशोब असतो. ३१ बिट आयडेंटिटी हॅशकोडसाठी, म्हणजे ऑब्जेक्टची ओळख म्हणून दिलेल्या आकड्यासाठी. हा हॅशकोड पहिल्यांदा कोणी मागितला की मगच तयार होतो, आणि एकदा झाला की तिथेच लिहून ठेवला जातो. ऑब्जेक्टचा पत्ताच हॅश म्हणून वापरता येत नाही, कारण गार्बेज कलेक्टर (जीसी), म्हणजे नको झालेले ऑब्जेक्ट साफ करणारा भाग, ऑब्जेक्टला इकडून तिकडे हलवतो आणि पत्ता बदलतो. ४ बिट वयासाठी. नव्या ऑब्जेक्टच्या 'तरुण पिढी' या भागातल्या साफसफाईत ऑब्जेक्ट कितीदा टिकून राहिला, त्याची ही मोजणी. ४ बिटांत जास्तीत जास्त १५ मावतात, आणि म्हणूनच टेन्युरिंग थ्रेशोल्ड, म्हणजे ऑब्जेक्टला जुन्या पिढीत पाठवायची वयाची सीमा, १५ च्या वर नेता येत नाही. जीसी ट्यूनिंग करताना हा १५ चा आकडा कुठून आला असं ज्यांना वाटलं असेल, त्यांच्यासाठी हे उत्तर. उरलेल्यांत २ बिट लॉकच्या, म्हणजे ऑब्जेक्टला लावायच्या कुलुपाच्या, स्थितीसाठी, बाकीचे बरेचसे रिकामे.

म्हणजे 'नोंद'च्या १८ मध्ये १२ मिळवले की ३०. आपल्याला हवे ३२. राहिलेले २ अलाइनमेंटचे.

हॉटस्पॉटमध्ये प्रत्येक ऑब्जेक्ट ८ ने भाग जाणाऱ्या पत्त्यावर सुरू होतो, म्हणून त्याचा आकारही वर ओढून ८ च्या पटीत आणावा लागतो. ३० चे ३२ होतात. हा झाला ऑब्जेक्टच्या बाहेरचा नियम. आतला नियम असा की प्रत्येक फील्ड आपल्या आकाराच्या पटीतल्या ऑफसेटवर, म्हणजे ऑब्जेक्टच्या सुरुवातीपासूनच्या अंतरावर, बसलं पाहिजे. इंट ४ च्या पटीत, लाँग ८ च्या पटीत, कॅरेक्टर २ च्या. काही प्रोसेसर तिरक्या पत्त्यावरून वाचायला साफ नकार देतात. इंटेल-एएमडीचे प्रोसेसर वाचू देतात, पण ते मूल्य दोन कॅश लाइनवर (प्रोसेसर मेमरी ज्या ठरावीक तुकड्यांनी आणतो ते तुकडे) पसरलेलं असेल तर वेळ जास्त लागतो. वेळेचं एकवेळ सोडून देऊ, पण आणखी एक अडचण आहे. जावाने हमी दिली आहे की इंट किंवा रेफरन्स अर्धवट लिहिलेला कधीही दिसणार नाही. एक थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅममधलं समांतर चालणारं एक काम, लिहितोय, दुसरा वाचतोय, तर त्याला एक तर जुनं मूल्य दिसेल नाहीतर नवं. मूल्य दोन कॅश लाइनमध्ये चिरलेलं असेल तर ही हमी हार्डवेअरकडून फुकटात मिळत नाही. मग अलाइनमेंट पाळण्याखेरीज पर्याय उरत नाही.

आता आपला क्लास लिहिलेल्या क्रमानेच बसवून बघू. हेडर ० ते ११. 'चालू' १२ वर. 'वेळ'ला ८ ची पट हवी, म्हणजे १६. तर १३, १४, १५ वाया. 'वेळ' १६ ते २३. 'प्रकार' २४ वर. 'संख्या'ला ४ ची पट हवी, म्हणजे २८. पुन्हा तीन बाइट वाया. 'संख्या' २८ ते ३१, 'नाव' ३२ ते ३५. ३६ झाले, ८ च्या पटीत ओढून ४०. दहा बाइट नुसती हवा.

हॉटस्पॉट काय करतो? तो फील्ड आकाराप्रमाणे लावतो. मोठी आधी, लहान नंतर, रेफरन्स सर्वांत शेवटी. सामान भरताना मोठ्या पेट्या आधी ठेवून सांदीकोपऱ्यात किरकोळ वस्तू कोंबाव्यात, तसंच. 'वेळ' १६ वर जातो. त्यामुळे हेडरनंतर १२ ते १५ अशी चार बाइटची फट पडते, आणि 'संख्या' नेमकी चार बाइटची, ती तिथे जाऊन बसते. 'चालू' आणि 'प्रकार' २४ आणि २५ वर. मग दोन बाइटची फट, आणि 'नाव' २८ वर. बरोबर ३२. चौथ्या क्रमांकावर लिहिलेलं फील्ड मेमरीत सर्वांत पहिलं, आणि पहिलं लिहिलेलं तिसऱ्या जागी. एका ऑब्जेक्टमागे ८ बाइट वाचले. एक कोटी नोंदी असल्या तर ८ कोटी बाइट, आणि ते सोर्स कोडमधली एकही ओळ न बदलता.

मघाशी कोणीतरी विचारलं की बूलियनला अख्खा बाइट कशाला, एक बिट पुरे की. प्रश्न चांगला आहे, आणि इथे उत्तर काटकसरीशी संबंधित नाही. समजा 'चालू' आणि दुसरा एखादा बूलियन यांचे बिट एकाच बाइटमध्ये ठेवले. एक थ्रेड पहिला बदलतो, दुसरा थ्रेड त्याच क्षणी दुसरा बदलतो. प्रोसेसरला एकटा बिट लिहिता येत नाही. तो अख्खा बाइट वाचतो, आतला बिट फिरवतो आणि अख्खा बाइट परत लिहितो. दोघांनी एकाच वेळी हे केलं की एकाचा बदल पुसला जातो. जावाच्या मेमरी मॉडेलमध्ये याला बंदी आहे: वेगळी फील्ड वेगळ्या थ्रेडनी बदलली तर एकमेकांना धक्का लागता कामा नये. म्हणून व्हर्च्युअल मशीन स्वतःहून बिट कधीच एकत्र करत नाही. तुम्हाला करायचे असतील तर एका इंटमध्ये मास्क लावून करा, मग धक्क्याची जबाबदारीही तुमची.

आता थोडं आत जाऊ. हे ऑफसेट एकदा ठरले की कायमचे. क्लास लोड होताना आराखडा तयार होतो, आणि त्यानंतर 'नोंद'च्या कुठल्याही ऑब्जेक्टमध्ये 'संख्या' १२ वरच असते. जावा कंपायलरने बनवलेल्या बाइटकोडमध्ये मात्र ऑफसेट नसतो, तिथे फील्डचं नाव असतं. इंटरप्रिटर ती सूचना पहिल्यांदा चालवतो तेव्हा नावावरून फील्ड शोधतो आणि मिळालेला ऑफसेट टिपून ठेवतो. पुढच्या वेळी शोध नाही. जिट कंपायलर, म्हणजे प्रोग्रॅम चालू असतानाच मशीन कोड बनवणारा कंपायलर, तर त्याच्याही पुढे जातो. त्याने तयार केलेल्या मशीन कोडमध्ये 'संख्या' वाचणं म्हणजे 'ऑब्जेक्टचा पत्ता अधिक १२, तिथून चार बाइट आण' अशी एकच सूचना उरते.

आणि नल असेल तर? त्यासाठी वेगळी तपासणी त्या मशीन कोडमध्ये सहसा नसतेच. नल म्हणजे शून्य. शून्य अधिक १२ हा पत्ता मेमरीच्या अगदी पहिल्या पानात येतो आणि ते पान ऑपरेटिंग सिस्टीमने मुद्दाम मोकळं, वाचायला बंद असं ठेवलेलं असतं. तिथे हात घातला की सिस्टीम सिग्नल पाठवते. जेव्हीएम तो सिग्नल पकडतो, कोणत्या सूचनेवर घडलं ते बघतो आणि तुमच्या हातात नल पॉइंटर एक्सेप्शन ठेवतो. नल नसण्याचा रोजचा मार्ग त्यामुळे फुकटात पडतो. ऑफसेट फार मोठा असला, पहिल्या पानापलीकडे जाणारा, तर ही युक्ती चालत नाही आणि स्वतंत्र तपासणी घालावी लागते. मला व्यक्तिशः जेव्हीएममधली ही युक्ती फार आवडते. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण तीही फील्डचा ऑफसेट लहान असण्यावरच उभी आहे.

ऑफसेट कायमचा आहे म्हटलं की वारसा, म्हणजे इन्हेरिटन्स, आपोआप मधे येतो. सुपरक्लाससाठी कंपाइल झालेलं मेथड सबक्लासच्या ऑब्जेक्टवरही चाललं पाहिजे. त्या मेथडच्या पोटात १२ हा आकडा कोरलेला आहे. म्हणजे सबक्लासच्या ऑब्जेक्टमध्येही ते फील्ड १२ वरच हवं. म्हणून सुपरक्लासची फील्ड आधी, जशीच्या तशी, आणि सबक्लासची त्यामागे. सुपरक्लासची प्रायव्हेट फील्डही यातून सुटत नाहीत. ती सबक्लासला दिसत नाहीत, पण जागा खातात. सबक्लासने त्याच नावाचं दुसरं फील्ड लिहिलं तर ऑब्जेक्टमध्ये दोन्ही असतात, वेगवेगळ्या ऑफसेटवर.

अनेक वर्षं हॉटस्पॉट हा नियम जरा जास्तच कडकपणे पाळत होता. सुपरक्लासचा आराखडा झाला की त्याचा शेवट ४ च्या पटीत ओढायचा आणि सबक्लास तिथून पुढे. सुपरक्लासच्या आतल्या फटी तशाच रिकाम्या. तीन क्लासची साखळी घ्या, प्रत्येकात एकच बाइट फील्ड. जुन्या पद्धतीत ती १२, १६ आणि २० वर बसत, आणि ऑब्जेक्ट २४ बाइटचा होई. प्रत्यक्ष माल तीन बाइटचा! सप्टेंबर २०२० मध्ये जेडीके १५, म्हणजे जावाची पंधरावी आवृत्ती, आला तेव्हा आराखड्याचा हा कोड नव्याने लिहिला गेला. सुपरक्लासच्या फील्डना हात लावायचा नाही हे खरं, पण त्यांच्यामधल्या फटी कोणाच्याच मालकीच्या नाहीत, तिथे सबक्लासचं फील्ड बसलं तर बिघडलं कुठे? आता तीच तीन फील्ड १२, १३ आणि १४ वर बसतात आणि ऑब्जेक्ट १६ चा होतो. किंवा सुपरक्लासमध्ये एक लाँग आणि सबक्लासमध्ये एक इंट असू द्या. पूर्वी इंट लाँगच्या मागे २४ वर जाई आणि ऑब्जेक्ट ३२ चा होई. आता तो लाँगच्या पुढ्यातल्या १२ च्या फटीत शिरतो आणि २४ मध्ये काम भागतं.

या बदलाने काही लोकांची झोप मात्र उडाली असणार, आणि त्याचं कारण वेगळं आहे. प्रोसेसर मेमरी बाइटबाइटने आणत नाही, कॅश लाइनने आणतो. बहुतेक सर्व्हरवर ती ६४ बाइटची. एकाच लाइनमध्ये दोन काउंटर आहेत, एक थ्रेड पहिला वाढवतोय, दुसऱ्या कोअरवरचा थ्रेड दुसरा. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी ती लाइन दोन्ही कोअरमध्ये चेंडूसारखी इकडून तिकडे जात राहते. याला फॉल्स शेअरिंग म्हणतात. त्यावर लोकांनी उपाय काढला की काउंटरनंतर सात निरुपयोगी लाँग लिहायचे: काउंटरचे ८ आणि त्यांचे ५६, मिळून ६४. लिहिले खरे, पण ते काउंटरच्या मागेच बसतील याची हमी कोणी दिली होती? क्रम जेव्हीएमच्या हातात. मग चतुर मंडळींनी वारशाचा आधार घेतला. सर्वांत वरच्या क्लासमध्ये भरीचे लाँग, मधल्या क्लासमध्ये खरं फील्ड, खालच्या क्लासमध्ये पुन्हा भर. सुपरक्लास आधी हा नियम तर मोडणार नाही ना! मोडला नाहीच. पण जेडीके १५ नंतर मधल्या क्लासमधलं फील्ड चार बाइटचं असेल तर ते सगळी भर ओलांडून हेडरला लागून असलेल्या फटीत जाऊन बसू शकतं, आणि पुढची भर बिनकामाची ठरते. कागदावर कुठेही न लिहिलेल्या वागणुकीवर इमारत बांधली होती, ती अशी हलते.

यासाठी राजमार्ग म्हणजे जेडीके ८ मध्ये आलेलं 'कंटेंडेड' हे ॲनोटेशन. ते लावलं की जेव्हीएम स्वतःच त्या फील्डभोवती भर घालतो, डीफॉल्ट १२८ बाइट. ६४ ऐवजी १२८, कारण काही प्रोसेसर शेजारची लाइनही आगाऊ खेचून आणतात. लाँग-ॲडर या क्लासच्या आतले खण याच ॲनोटेशनने वेगळे ठेवले आहेत, आणि खूप थ्रेड एकदम मोजत असतानाही तो वेगवान राहतो त्यामागे हे एक कारण आहे. तुमच्या स्वतःच्या कोडमध्ये ते वापरायचं तर त्यावरचं बंधन उठवणारा पर्याय कमांड लाइनवर द्यावा लागतो. एका फील्डमागे अडीचशे बाइटच्या घरात खर्च आहे, तेव्हा जपून.

रेफरन्स एकत्र का ठेवतात, हे राहिलं. ते गार्बेज कलेक्टरसाठी. ऑब्जेक्टमधून पुढे कुठे जायचं हे कळायला त्याला रेफरन्स कुठे आहेत ते माहीत हवं. प्रत्येक क्लाससोबत एक छोटा नकाशा असतो: 'अमुक ऑफसेटपासून सलग इतके रेफरन्स'. रेफरन्स विखुरलेले असते तर अशा बऱ्याच जोड्या झाल्या असत्या. सलग असले तर शक्यतो एकाच जोडीत काम होतं, आणि कलेक्टर सरळ एका दमात ओळीने वाचत जातो.

आता रेफरन्सच्या ४ बाइटचं देणं फेडते. प्रत्येक ऑब्जेक्ट ८ च्या पटीत सुरू होतो, म्हणजे त्याच्या पत्त्याचे शेवटचे तीन बिट नेहमी शून्य. नेहमी शून्य असणारी गोष्ट साठवायची कशाला? ते तीन बिट गाळायचे, उरलेला आकडा ३२ बिटांत ठेवायचा, वापरताना ८ ने गुणायचं. २ चा ३२ वा घात गुणिले ८, म्हणजे ३२ जीबी. तेवढ्या हीपपर्यंत, म्हणजे ऑब्जेक्ट जिथे राहतात त्या मेमरीपर्यंत, रेफरन्स ४ बाइटमध्ये मावतो. हीप त्याच्या वर नेला की सगळे रेफरन्स ८ बाइटचे. आपली 'नोंद' ३२ वरून ४० वर जाते. म्हणून ३१ जीबीचा हीप ३४ जीबीचा केल्यावर त्यात पूर्वीपेक्षा कमी डेटा मावला, असं घडू शकतं. हीप वाढवायचाच असेल तर चांगला ऐसपैस वाढवा. या सीमेच्या जरासं पलीकडे थांबण्यासारखा तोट्याचा व्यवहार नाही.

फटींचा उपयोग कसा होतो, याचं मला सर्वांत आवडणारं उदाहरण स्ट्रिंगमध्येच आहे. जेडीके ९ पासून स्ट्रिंगमध्ये तीन फील्ड होती: अक्षरांच्या बाइट ॲरेचा रेफरन्स, हॅश साठवणारा इंट आणि एन्कोडिंग सांगणारा एक बाइट. १२ चा हेडर, १२ वर हॅश, १६ वर तो बाइट, मग तीन बाइटची फट, २० वर रेफरन्स. एकूण २४. आता हॅशची एक जुनी पंचाईत होती. हॅश काढून झाला की इंटमध्ये ठेवायचा, आणि इंट शून्य असेल तर 'अजून काढलेला नाही' असं समजायचं. पण काही स्ट्रिंगचा हॅश खरोखरच शून्य येतो! मग त्या बिचाऱ्यांचा हॅश प्रत्येक वेळी नव्याने काढला जाई. उपाय सोपा: 'हॅश काढलाय आणि तो शून्यच आहे' असं सांगणारा एक बूलियन. पण जगातल्या प्रत्येक जावा प्रोग्रॅममध्ये स्ट्रिंगचा पूर असतो, तिथे नवं फील्ड घालायची परवानगी कोण देणार? फट होती म्हणून ते जमलं. जेडीके १३ मध्ये तो बूलियन आला, १७ वर बसला, आणि स्ट्रिंगचा आकार २४ चा २४ च राहिला.

हेडरकडे परत येते, कारण अलीकडची सर्वांत मोठी हालचाल तिथेच झाली. १२ बाइटचा हेडर म्हणजे किती, हे ऑब्जेक्टच्या आकारावर अवलंबून आहे. बऱ्याच प्रोग्रॅममध्ये ऑब्जेक्ट सरासरी ३२ ते ६४ बाइटचे असतात, म्हणजे जिवंत डेटाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त नुसत्या हेडरमध्ये जाऊ शकतो. लिलिपुट नावाच्या प्रकल्पाने हा हेडर ८ बाइटवर आणला. कसा? क्लासचा पॉइंटर आणखी दाबून २२ बिटांचा केला आणि मार्क वर्डच्याच रिकाम्या जागेत घुसवला. २२ बिट क्लासचे, ३१ हॅशचे, ४ पुढच्या कामासाठी राखीव, ४ वयाचे, १ कलेक्टरच्या वापराचा, २ लॉकचे. बेरीज करून बघा, ६४. २२ बिटांमुळे सुमारे ४० लाख क्लासची मर्यादा येते. ती कोणाला अपुरी पडेल असं मला तरी वाटत नाही. खरी मेहनत लॉकमध्ये गेली. पूर्वी लॉकवर दोन थ्रेड भिडले की मार्क वर्ड उचलून दुसरीकडे ठेवत आणि त्याच्या जागी लॉकच्या नोंदीचा पत्ता लिहीत. आता त्याच मार्क वर्डमध्ये क्लासचा पॉइंटर आहे, तो उचलला तर ऑब्जेक्ट कोणत्या क्लासचा हेच कळेनासं होईल. त्यामुळे लॉकची पद्धतच बदलावी लागली.

हे जेडीके २४ मध्ये प्रायोगिक म्हणून आलं आणि सप्टेंबर २०२५ च्या जेडीके २५ मध्ये रीतसर सुविधा झाली. तिथे ते आपोआप चालू नसतं, 'यूज कॉम्पॅक्ट ऑब्जेक्ट हेडर्स' हा पर्याय द्यावा लागतो. स्पेकजेबीबी २०१५ या बेंचमार्कवर, एका मांडणीत, हीपचा वापर २२ टक्क्यांनी घटल्याचं या सुविधेच्या प्रस्तावात दिलं आहे.

पण लगेच आपल्या 'नोंद'ला लावून बघू. ८ चा हेडर, ८ वर 'वेळ', १६ वर 'संख्या', २० आणि २१ वर ते दोन छोटे, २४ वर 'नाव'. २८ झाले, ओढून ३२. हाती भोपळा! हेडर चार बाइटने कमी झाला आणि ऑब्जेक्ट तेवढाच. इंटिजर हा क्लासही तसाच: आधी १२ अधिक ४ म्हणजे १६, आता ८ अधिक ४ म्हणजे १२, ओढून पुन्हा १६. स्ट्रिंगही २४ वरच. मग फायदा कुणाला? लाँग या गुंडाळी क्लासला, म्हणजे एक लाँग मूल्य पोटात ठेवणाऱ्या ऑब्जेक्टला: २४ वरून थेट १६. हॅशमॅपच्या नोडला: त्यात एक इंट आणि तीन रेफरन्स, पूर्वी २८ ओढून ३२, आता बरोबर २४. चार इंग्रजी अक्षरांच्या बाइट ॲरेला: २४ वरून १६. आकार ८-८ च्या पायऱ्यांनीच चढतो किंवा उतरतो, त्यामुळे चार बाइटची बचत कुठे आठची होते आणि कुठे शून्याची. तुमच्या ॲप्लिकेशनमध्ये यातला कोणता माल जास्त आहे, त्यावर सगळं अवलंबून.

ते बघायला ओपनजेडीकेचंच 'जोल' नावाचं साधन आहे, जावा ऑब्जेक्ट लेआउट. क्लास द्यायचा, तो ऑफसेट, आकार, प्रकार आणि फटी ओळीने छापून देतो. आज मी फळ्यावर मांडलेला प्रत्येक आराखडा तुम्ही तुमच्या मशीनवर पडताळून बघू शकता. ज्या पर्यायांनी तुमचा सर्व्हर चालतो, त्याच पर्यायांनी तो चालवा, नाहीतर भलत्याच मशीनचं उत्तर मिळेल.

एक प्रश्न आलाय: मग फील्ड विचारपूर्वक क्रमाने लिहायची की नाहीत? जावात क्रम वाचणाऱ्याच्या सोयीने लिहा. मेमरीला त्याचा फरक पडत नाही. मेमरी वाचवायची तर फील्डच कमी करा, किंवा लाँगची गरज नसेल तिथे इंट वापरा, आणि आधी जोलमध्ये बघा की त्याने ८ ची पायरी उतरते का.

दुसरा प्रश्न, बाकीच्या व्हर्च्युअल मशीनचं काय. मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये क्लासच्या बाबतीत साधारण असंच, फील्डचा क्रम रनटाइम ठरवतो, फक्त तिथे रेफरन्स सुरुवातीला जातात. पण तिथल्या सी शार्प भाषेतल्या स्ट्रक्टला मात्र सहसा लिहिलेला क्रमच लागू होतो, कारण स्ट्रक्ट सीमध्ये लिहिलेल्या कोडला जसेच्या तसे द्यायची वेळ येते. जावास्क्रिप्टमध्ये तर क्लास लोड होताना आराखडा करायची सोयच नाही, कोणतं फील्ड कधी येईल कुणास ठाऊक. क्रोम ब्राउझरमधलं व्ही८ हे इंजिन त्यावर 'हिडन क्लास' वापरतं. ही कल्पना मूळची १९८० च्या दशकातल्या सेल्फ या भाषेवरच्या कामातली. रिकाम्या ऑब्जेक्टला एक नकाशा, त्यात एक्स घातला की दुसरा, वाय घातला की तिसरा. इथे मात्र सगळं उलटं होतं: आधी एक्स मग वाय घातलेला ऑब्जेक्ट आणि आधी वाय मग एक्स घातलेला ऑब्जेक्ट यांचे नकाशे वेगळे. एकाच फंक्शनकडे दोन्ही तऱ्हेचे ऑब्जेक्ट येऊ लागले की त्याला दोन्ही नकाशे तपासत बसावं लागतं, आणि 'पत्ता अधिक ऑफसेट' हा सरळ रस्ता हुकतो. जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी म्हणून कन्स्ट्रक्टरमध्ये सगळी फील्ड एकदाच आणि नेहमी त्याच क्रमाने घालावीत.